अर्धाच खूर

ज्या जंगलात धुके सकाळी उशिरापर्यंत झाडांच्या बुंध्यांशी लोळत पडायचे आणि उन्हाने दटावल्याशिवाय उठायचे नाही, त्या जंगलात एका जुन्या जांभळाच्या ढोलीत एक खार राहत असे. जांभूळ तळ्याच्या अगदी जवळ होते. तळे इतके निवांत, की काठावरचे झाड कोणते आणि पाण्यातले कोणते, असा नव्याने आलेल्या पाखराला प्रश्न पडायचा. खारीला असले प्रश्न पडत नसत. आपल्याला सगळे कळते, अशी तिची समजूत होती, आणि मुलांनो, अशी समजूत असलेल्यांच्या गोष्टी सांगायला मला फार आवडते.

त्या तळ्यावर कोळसुंदे येत, म्हणजे रानकुत्र्यांच्या टोळ्या. त्यांना हाकलायला कोणीतरी धिप्पाड हवा, म्हणून प्राण्यांनी राखणदार निवडायची चाल पाडली होती. फुले फुलली, की पाण्यातल्या सपाट खडकावर प्रत्येकाने एक फूल आणून ठेवायचे. उगवतीच्या काठाचा राखणदार हवा असेल, तर सोनसावरीचे पिवळे. मावळतीच्या काठाचा हवा असेल, तर कांचनाचे जांभळे. ज्या रंगाचा ढीग मोठा, त्या काठाचा राखणदार. मग वारा सुटे, फुले पाण्यात उतरत, आणि पुढे किती तरी दिवस तळ्यावर पिवळी-जांभळी नक्षी तरंगत राही. पाण्यात गेल्यावर ती एकमेकांत मिसळून जात. काठावर मात्र कोणी मिसळत नसे.

राखणदार बलवान हवा, हे खरे. पण बलवानाची धास्तीही वाटतेच. म्हणून जुन्या शहाण्या प्राण्यांनी एक नियम घालून दिला होता. तळ्यामागच्या जांभूळबनात, ज्याच्या कडेलाच खारीचे जांभूळ होते, आया आपली पिल्ले वाढवत. त्या बनात राखणदाराने पाऊल टाकायचे नाही. टाकलेच, तर ज्याला दिसेल त्याने ओरडायचे, आणि ओरड ऐकून दोन्ही काठांच्या प्राण्यांनी तिथे येऊन उभे राहायचे. शिंगे उगारायची नाहीत, दात दाखवायचे नाहीत, बोलायचेसुद्धा नाही. नुसते बघत राहायचे. एवढे डोळे आपल्याकडे लागले, की कितीही मोठे जनावर ओशाळून मागे सरकते.

आपली खार पिवळ्या फुलाची. तिची आई पिवळ्याची, आजी पिवळ्याची. "आमच्यात पिवळंच ठेवतात," असे ती अशा ठसक्यात सांगे, जणू पाठीवरच्या पट्ट्यांबरोबरच तिला ते मिळाले होते. तिच्याच झाडाच्या मुळांखाली बीळ करून एक म्हातारे साळिंदर राहत असे. ते कांचनवाले. संध्याकाळी ते बाहेर पडायला आणि खार ढोलीत शिरायला एकच गाठ पडे, आणि मग दोघांची जुंपे. भांडण संपले, की खार वरून एखादे जांभूळ खाली टाकी आणि साळिंदर ते मुकाट्याने खाई.

एकदा जांभळी फुले जास्त भरली आणि मावळतीचे रानडुक्कर राखणदार झाले. पहिल्या पावसानंतर बनातली माती मऊ झाली, कंदांचा वास सुटला, आणि डुकराला राहवेना. त्याने बनात मुसंडी मारली. झाले. खारीने शेपटी उभी केली आणि असा काही चिरचिराट मांडला, की पाण्यावरचे धुकेसुद्धा लगबगीने उठले असावे. उगवतीचे झाडून सारे प्राणी धावत आले. मावळतीचे मात्र अंग चोरत होते. "एक कंदच तर उकरला बिचाऱ्यानं," असे ते म्हणत होते. त्यांच्यातले एकटे साळिंदर आले, मान खाली घालून, सगळ्यांच्या शेवटी. पण आले. डुकराने सभोवार पाहिले आणि कंद तोंडात धरून ते बाहेर निघून गेले.

"पाहिलंत तुमचे राखणदार?" खार त्या संध्याकाळी म्हणाली. "आमचा कोणी असता, तर असा वागला नसता."

"नसता वागला तर चांगलंच आहे, खारुताई," साळिंदर म्हणाले. "आणि वागला तर?"

"तर मीच ओरडेन. सगळ्यांत आधी." आणि तिला ते मनापासून वाटत होते. खोटे बोलण्याचा तिचा स्वभाव नव्हता, हे मी तिच्या बाजूने आत्ताच सांगून ठेवतो.

पुढच्या वेळी पिवळ्यांचा ढीग मोठा झाला. उगवतीचा गवा राखणदार झाला. काय त्याचा डौल! पायांत पांढरे मोजे घातल्यासारखी पावले, पाठ काळी तुकतुकीत. कोळसुंद्यांची एक टोळी त्याने अशी पिटाळली, की ती डोंगरापलीकडे जाऊनच थांबली. खारीचा ऊर अभिमानाने भरून आला. त्याच सुमारास तिला दोन पिल्ले झाली. मिटल्या डोळ्यांची, उबदार, झोपेत चुळबुळणारी. ढोलीच्या तोंडाशी बसून ती त्यांना खालचा गवा दाखवी. डोळे न उघडलेल्या पिल्लांना काय दिसणार? पण आईला दाखवायचे होते.

एका दुपारी हवा इतकी जड झाली, की पानेही झोपली. गवा तळ्यावरून आला, जांभूळबनाच्या कडेशी थबकला, आणि सावलीच्या ओढीने त्याने पुढचा एक पाय आत टाकला. खारीची शेपटी आपोआप उभी राहिली. ओरड घशाशी आली. आणि तिने ती गिळली. ओरड गिळताना किती गोड लागते, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

संध्याकाळी साळिंदर म्हणाले, "ताई, खूर आत आला होता."

"अर्धाच खूर होता," खार म्हणाली. "आणि दमलेला असतो तो. तुमच्या डुकरासारखा कंद उकरायला नव्हता आला."

दुसऱ्या दिवशी अख्खा गवा आत आला. मग रोजच येऊ लागला. बनातल्या सावलीत तो डोळे मिटून रवंथ करी, आणि त्याच्या श्वासाने आजूबाजूची पाने हलत. खारीला ते बघायलाही बरे वाटे; घरात मोठे माणूस आहे, असे वाटे. मग त्याची शिंगे शिवशिवू लागली. त्याने कोवळी झाडे मोडली. मावळतीचे प्राणी कुरकुरले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "झुडपांत कोळसुंदे लपतात. मी तुमच्याच भल्यासाठी मोकळं करतोय." कोळसुंद्यांचे नाव निघाल्यावर कोण काय बोलणार? खार तर फांदीवरून सगळ्यांना समजावत सुटली. एका भेकरीने, जिचे पाडस बनाच्या मावळत्या टोकाला होते, धीर करून एकदा ओरड दिली. तिच्यासाठी उगवतीचे कोणी आले नाही. खार तिला म्हणाली, "डुकराच्या वेळी कुठं गेला होता तुमचा आवाज?"

भेकरी डुकराच्या वेळी खरेच आली नव्हती. दोघीही आपापल्या परीने बरोबर होत्या, आणि गवा मध्ये बसून रवंथ करत होता.

असे दिवस स्वप्नासारखे सरकत गेले. सकाळी धुके, दुपारी सुस्ती, संध्याकाळी पाण्यावर सोन्याचा एक पातळ थर. बन विरळ होत होते, पण रोज थोडे थोडे. रोज थोडे कमी होणारे काही डोळ्यांत भरत नाही. आणि मग एका सकाळी गवा खारीच्या जांभळापाशी येऊन उभा राहिला. आपल्या बसायच्या जागेवरून त्याला तळे नीट दिसत नव्हते. जुने जांभूळ आड येत होते. त्याने कपाळ बुंध्याला लावले आणि रेटा दिला.

ढोलीत पिल्ले एका बाजूला घरंगळली. खार बाहेर आली आणि जीव तोडून ओरडू लागली. तिला खात्री होती, की सगळे येतील. तिच्या ओरडीला सगळे येत, हे सगळ्या जंगलाला माहीत होते. ती थांबून कान देई, पुन्हा ओरडे, पुन्हा कान देई. उगवतीच्या काठावर कोणीतरी म्हणाले, "आपलाच आहे, काहीतरी कारण असेल." मावळतीच्या काठावर कोणीतरी म्हणाले, "त्यांचीच खार आणि त्यांचाच गवा. आपण कशाला?" धुके दोन्ही काठांवर सारखेच पडले होते.

झाड कलले. खार धावत गव्याच्या डोळ्यांसमोर आली. "महाराज, मी पिवळं फूल ठेवलं होतं," ती म्हणाली. "माझ्या आईनं, आजीनं, सगळ्यांनी."

गवा थांबला. त्याने तिच्याकडे पाहिले, रागाने नाही, अगदी भलेपणाने. "ठेवणारच होता तुम्ही, ताई," तो म्हणाला. "तुमचं फूल मला मिळणारच होतं. जे मिळणारच असतं, त्याची काळजी कोण करतं?" आणि त्याने पुन्हा कपाळ टेकले.

मुळांखालून साळिंदर बाहेर आले. ते पळाले नाही. काटे न उभारता ते गव्यापुढे येऊन नुसते उभे राहिले आणि बघू लागले, नियमाप्रमाणे. पण दोनच डोळे, आणि तेही म्हातारे. गव्याला ते दिसलेसुद्धा नसतील.

तेव्हा खारीला कळले, की कोणी येणार नाही. ती ढोलीत शिरली, एका पिल्लाला मानेशी दातांत धरले आणि शेजारच्या फांदीवर उडी घेतली. दुसऱ्यासाठी वळली, तोवर जांभूळ आडवे झाले होते. पिल्लू तोंडात असलेल्या आईला रडताही येत नाही, मुलांनो. ती तशीच फांदीवर बसून राहिली आणि पडलेल्या झाडाची पाने हळूहळू स्थिर होताना बघत राहिली. ओरडण्यात जेवढा वेळ गेला होता, तेवढ्या वेळात दोन्ही पिल्ले सहज निघाली असती. हा विचार तिला पुढे कधीच सोडून गेला नाही. माझे तिच्यावर प्रेम आहे, पण हा विचार सोडून जावा, असे मी म्हणणार नाही.

उरलेले पिल्लू वाढले, त्याचे डोळे उघडले. खार दुसऱ्या झाडावर राहू लागली आणि फारसे बोलेनाशी झाली. साळिंदराने नवे बीळ तिच्या नव्या झाडाखालीच केले. भांडायला आता कोणाला उत्साह नव्हता.

एके दिवशी बनाच्या मावळत्या टोकाकडून ओरड आली. भेकरीची होती. गवा तिच्या झुडपात शिरला होता, आणि पाडस आत होते. उगवतीचे प्राणी कान टवकारून बसले आणि पुन्हा चरू लागले. मावळतीचे आले, पण लांबच उभे राहिले. आपले डोळे पुरणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होते.

खारीने पिल्लाला बरोबर घेतले आणि फांद्याफांद्यांवरून निघाली. वाटेत उगवतीच्या एका सांबराने तिला हटकले, "खारुताई, तिकडं कुठं? ते आपले नव्हेत."

"गवा कुठं आहे तेवढं बघायला चालले," खार म्हणाली. "बाकी मला काही बघायचं नाही."

ती गेली आणि गव्याच्या नाकासमोरच्या फांदीवर जाऊन बसली. खाली साळिंदर येऊन उभे राहिले. भेकरीने वर पाहिले.

"तुझ्या वेळी आम्ही आलो नाही," ती म्हणाली.

"नाही आलात," खार म्हणाली. "आणि तुझ्या वेळी मी आले नव्हते. आता गप्प उभी राहा. बोलायचं नसतं."

बराच वेळ काहीच घडले नाही. उन्हाचे कवडसे जमिनीवरून सरकत राहिले. मग ते सांबर आले. आपण सहज इकडे आलो आहोत, असा चेहरा करून आले, पण आले. त्याच्यामागून रानकोंबड्या, ससे, माकडे. आणि लांब उभे असलेले मावळतीचे प्राणीही एकेक पाऊल पुढे सरकले. कोणी पिवळे फूल ठेवले होते, कोणी जांभळे, हे त्या विरळ सावलीत ओळखू येत नव्हते. सगळे बघत होते.

गव्याने एकदा उगवतीच्या प्राण्यांकडे पाहिले. त्यांतले कोणीतरी काही कारण सांगेल, याची तो वाट पाहत होता. कोणी सांगितले नाही. त्याने मान खाली घातली, मागचा पाय मागे घेतला, मग पुढचा, आणि तसाच उलट्या पावलांनी तो बनाच्या बाहेर गेला. भेकरी झुडपात शिरली. पाडस जागे होऊन कान हलवत होते.

साळिंदर आणि खार सोबतच परतले. वाटेत आडवे पडलेले जुने जांभूळ लागले. खार तिथे थोडा वेळ बसली. साळिंदर तिच्यासाठी थांबले.

तात्पर्य : राखणदार आपल्या फुलाने निवडलेला असो वा दुसऱ्याच्या, त्याचे पहिले चुकलेले पाऊल 'आपला आहे' म्हणून जो पोटात घालतो, तो आपल्याच घराची राखण सोडून देतो.