बिनखुणेचे तीस

“…आणि हे मी पहिल्याच पानावर का लिहायचं, बाई? बालवाडीचं पुस्तक काढतोय का आपण?”

सौमित्र लोंढेने चारशे बारा पानांचे बाड टेबलावर आपटले. नवजात बाळांच्या उबपेटीत बसणाऱ्या मायक्रोप्रोसेसरचे हे मॅन्युअल त्याने दीड वर्ष खपून लिहिले होते. आज ते छापायला जायचे होते. अडले होते वर्तकबाईंच्या सहीपाशी.

बाई सत्तरीच्या. कंपनीतले निम्मे इंजिनिअर त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. त्यांच्या सहीशिवाय मॅन्युअल छापखान्यात जात नसे, असा तिथला रिवाज होता.

“खुणांचं पान घाल,” बाई म्हणाल्या. “मग सही करते.”

खुणांचे पान म्हणजे कुठला आकडा आपल्या रोजच्या दहाच्या मोजणीतला आणि कुठला यंत्राच्या सोळाच्या मोजणीतला, हे सांगणारे पान. सोळाच्या मोजणीतले ३० म्हणजे आपले अठ्ठेचाळीस. म्हणून अशा आकड्याच्या शेवटी ‘एच’ लिहायचा असतो. सौमित्रने तो कुठेच लिहिला नव्हता. जाणत्याला संदर्भावरून कळतेच, असे त्याचे म्हणणे.

“काल एका तालुक्याच्या दवाखान्यातून फोन आला,” तो फणकाऱ्याने म्हणाला. “कच्ची प्रत वाचून टेक्निशियन विचारतोय, पेटी गार पडल्यावर घंटा तीस सेकंदांनी वाजते की अठ्ठेचाळीस? मी म्हटलं, ज्याला एवढं कळत नाही त्यानं पेटीला हात लावू नये.”

“असं म्हणालास?”

“म्हणालो. पुन्हा विचारलं तर पुन्हा म्हणेन.”

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. दीड वर्ष रविवार पाहिला नाही, सणवार पाहिला नाही, आणि ही बाई एका पानासाठी अडून बसली आहे. तसा राग त्याच्या नाकावर बारमाही असे. आज त्याला कारण मिळाले होते, इतकेच.



बाई उठल्या. कपाटातून एक निळी वही काढली आणि मधले पान उघडून त्याच्यापुढे ठेवली. सौमित्रचीच वही, तीन वर्षांपूर्वीच्या चाचण्यांची. मॅन्युअलमधले आकडे त्याने तिच्यातूनच उतरवले होते.

‘गार पडल्यास घंटा, सेकंद: ३०.’

“हे किती?” बाईंनी विचारले.

“तीस,” तो ताडकन म्हणाला.

बाईंनी त्या आकड्यावर बोट ठेवले.

“म्हणजे… अठ्ठेचाळीस असतील. त्या वेळी मी बरंचसं सोळातच…”

“संदर्भ बघ ना.”

त्याने पान उलटले. मग मागचे पाहिले. वरच्या ओळीतला आकडा दहाचा होता, खालचा सोळाचा. मधल्या तिसाला तीसही शोभत होते आणि अठ्ठेचाळीसही. त्याचे कान तापले. इतका वेळ टेक्निशियनवर, बाईंवर, त्या एका पानावर काढलेला राग आता घरी परत आला. तीस आणि अठ्ठेचाळीस यांच्यामधल्या अठरा सेकंदांत एवढ्याशा जिवाचे काय होते, हे त्यानेच मॅन्युअलमध्ये लिहिले होते.



“बाई,” तो हळू आवाजात म्हणाला, “मला नाही सांगता येत.”

बाईंनी वही मिटून त्याच्या हातात दिली.

“मग ज्यानं लिहिलंय, त्याला विचारून ये.”