मुकुटावरची वेल

एकदा एका द्राक्षांच्या गावात एका वृद्ध गुरवावर चोरीचा आळ आला. चोरी कोणी पाहिली नव्हती. पुरावा म्हणून गावाकडे एक छायाचित्र तेवढे होते, आणि तेही कोणी नीट पाहिलेले नव्हते.

गावची देवी जागृत. तिचा चांदीचा मुखवटा वर्षातून एकदाच, यात्रेला, बाहेर निघे. आदल्या दिवशी गुरव पेटी उघडून तो चिंच लावून उजळी. यात्रा सरली की मुखवटा पुन्हा पेटीत जाई आणि पंचांदेखत पेटीवर लाखेची मोहोर लागे. मग पुढच्या यात्रेपर्यंत पेटी उघडायची नाही, मागणारा कितीही मोठा असो. रिवाज चांगलाच होता, पण यंदा तो गुरवाच्या मुळावर आला.

झाले ते असे. गावात एक वृद्ध छायाचित्रकार राहत. त्यांच्याकडे एक तरुण मुलगी ही कला शिकत होती. यात्रेत तिने मुखवट्याचे फार सुरेख छायाचित्र टिपले. पालखी देवळात परतते न परतते तोच "टाक की गं फोटो" असा सगळ्यांनी लकडा लावला, आणि तिने तो फोनवरून गावाच्या गटात टाकून दिला. तिथून तो कोणी स्टेटसला लावला, स्टेटसवरून कोणी स्क्रीनशॉट काढला, तो पाहुण्यारावळ्यांच्या गटांतून हिंडला आणि अखेर गावातल्या बेदाण्याच्या व्यापाऱ्यापाशी, शहरात राहणाऱ्या त्याच्या मुलाकडून, येऊन पोचला. हा व्यापारी देवस्थानचा अध्यक्ष. त्याने ते चित्र फोनवर दोन बोटांनी ताणले. देवळाच्या सभामंडपात मुखवट्याचे एक जुने छायाचित्र चौकटीत लावलेले आहे. त्यात मुकुटावर कोरलेली नाजूक वेल पानापानासकट दिसते. फोनवरच्या चित्रात त्या जागी वेल नव्हती, नुसता पांढुरका पट्टा होता.

"मुखवटा बदललाय," व्यापारी म्हणाला.

एवढे पुरले. मुखवटा उजळायला कोणाच्या हाती जातो? गुरवाच्या. मग बदलला कोणी? हिशोब सरळ होता. पेटीच्या खोलीची किल्ली त्याच्याकडून काढून घेतली. ज्याने या गावाच्या तीन पिढ्यांच्या तळहातांवर तीर्थ घातले, त्याच्या पळीपुढे कोणी हात करेना. बायका देवीला नमस्कार करत आणि त्याच्याकडे न बघता पायऱ्या उतरत. म्हातारा पंचपात्र घेऊन गाभाऱ्याच्या दाराशी तसाच बसून राही.

मला या गावाचा राग येतो, आणि तो लपवण्याचे काही कारण दिसत नाही. चित्र पाहायला त्यांनी डोळे फाडले, पण "असं झालं का हो?" एवढे त्या माणसाला विचारायला एकाचीही जीभ उचलली नाही.

ही गोष्ट कानावर येताच शिष्या संतापून गुरूंकडे गेली. गुरू एका वाडग्यात बेदाणे भिजत घालत होते.

"अण्णा, माझा फोटो लख्ख आहे. वेलीचं पान न् पान दिसतंय त्यात. यांना धड बघता येत नाही आणि त्या म्हाताऱ्याला चोर म्हणतात."

"मूळ फोटो आहे का?"

"कॅमेऱ्याच्या कार्डात आहे."

"तो फोनवर घेऊन ये. आणि त्या दिवशी पाठवलास कसा?"

"कसा म्हणजे? सगळे पाठवतात तसा."

गुरूंनी वाडग्यात आणखी थोडे पाणी ओतले. "संध्याकाळी सभामंडपात बैठक आहे. गुरवाला सेवेतून काढायचं ठरतंय. आपण जाऊ."

"एका माणसाची अब्रू चाललीय अण्णा, आणि तुम्ही बेदाणे भिजवत बसलाय?"

"हो," गुरू म्हणाले, आणि त्यांनी वाडग्यावर झाकण ठेवले.

संध्याकाळी सभामंडप भरला होता. गुरव खांबाला टेकून खाली मान घालून बसला होता. गुरूंनी आपला वाडगा व्यापाऱ्यापुढे नेऊन ठेवला.

"शेठ, द्राक्षं आणलीत. घ्या."

व्यापाऱ्याने एक दाणा उचलला, बोटांत फिरवला आणि परत टाकला. "चेष्टा करताय काय अण्णा? बेदाणा हाय ह्यो. भिजवलाय."

"पण फुगलाय की चांगला. गोल झालाय."

"पाण्यात टाकल्यावर फुगणारच. म्हणून काय त्याचं द्राक्ष होतंय? रस वाळून गेला तो गेला. आता आत भरलंय ते नुसतं पाणी. आमची हयात गेली ह्यात, आम्हाला काय शिकवताय?"

गुरूंचा आवाज एरवी कधी चढत नसे. तो चढला.

"मग एवढं बेदाण्यातलं कळतं, ते फोटोतलं का कळलं नाही? फोटो असाच धाडला की फोन त्याला वाळवतो. तो हलका व्हावा, पटकन पोचावा म्हणून त्यातलं बारीकसारीक काढून टाकतो. स्टेटसला लावला की आणखी वाळवतो. त्याचा स्क्रीनशॉट काढला, की मग मूळ चित्र हाती राहतच नाही, पडद्यावर दिसलं तेवढंच राहतं. असा ठिकठिकाणी वाळलेला दाणा तुमच्या हाती आला आणि तुम्ही तो दोन बोटांनी फुगवलात. वेल वाटेतच गळाली होती. तिच्या जागी फोनने आपल्या अंदाजाने पांढरं भरलं. त्या पाण्यावर तुम्ही या माणसाला चोर ठरवलंत. दुकानात बेदाणा घेताना बोटांत चुरडून बघता शेठ, माणसाला एकदा समोर बसवून विचारलं तरी होतंत का?"

गुरू शिष्येकडे वळले.

"आणि तू. टिपताना श्वास रोखून टिपलास, पाठवताना हात झटकलेस. बघणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत पोचेस्तोवर चित्राची जबाबदारी तुझीच असते. हे मी तुला शिकवायचं राहिलं असं म्हणू नकोस, तुला ते ऐकायचं नव्हतं."

शिष्येचा चेहरा उतरला. तिने फोन काढला आणि मूळ छायाचित्र व्यापाऱ्याला पाठवले, या वेळी फोटो म्हणून नव्हे तर डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे फोन त्याला हात लावत नाही, आहे तसे पोचवतो. चित्र जड होते. व्यापाऱ्याच्या फोनवरचे चक्र फिरत राहिले आणि सगळा सभामंडप त्याकडे बघत थांबला.

चित्र उघडले. व्यापाऱ्याने पुन्हा दोन बोटे ताणली. मुकुटावर वेल होती. पानांच्या शिरा दिसत होत्या, आणि डाव्या कानाशी एक बारीकसा पोचाही होता. व्यापारी उठून चौकटीतल्या जुन्या छायाचित्रापाशी गेला. पोचा तिथेही होता, त्याच जागी. फोन हातोहात फिरला. मागच्या बाजूला कोणीतरी म्हणाले, "आम्हाला तवाच वाटलं हुतं." असा माणूस प्रत्येक बैठकीत असतोच.

व्यापाऱ्याने कनवटीची किल्ली काढली आणि गुरवापुढे धरली. "चुकलं आमचं. घ्या."

गुरवाने हात पुढे केला नाही.

"शेठ, वेल दिसली म्हणून मी खरा. ह्या पोरीनं कार्ड पुसलं असतं, तर मी चोरच की." त्याची नजर आता वर होती. "किल्ली तुमच्यापाशीच असू द्या. पुढल्या यात्रेला समद्यांम्होरं पेटी उघडा, मुखवटा हातात घ्या, वेलीवरनं बोट फिरवा. फोनवर न्हाई, चांदीवर. मग वाटलं तर द्या."

आरतीची वेळ झाली होती. म्हातारा उठला, आरती केली आणि नेहमीसारखा पंचपात्र घेऊन गाभाऱ्याच्या दाराशी आला. सर्वांत पहिला हात व्यापाऱ्याने पुढे केला. गुरवाने त्यावर एक पळी तीर्थ घातले, सगळ्यांना घालतो तेवढेच.

परतताना शिष्या म्हणाली, "अण्णा, मूळ फोटो आता सगळ्या गटांत डॉक्युमेंट करून टाकते."

"टाक. टाकायलाच हवा. पण पहिला फोटो ज्यांनी बघितला, ते सगळे हा उघडून बघतील असं समजू नकोस. गुरव चोर आहे हे त्यांनी ऐकलंय, आणि त्यांचं तेवढ्यावर भागलंय."

शिष्या वाटेतच थांबली. आपल्या एका घाईत केवळ वेलीची पाने गेली नव्हती, हे तिला तेव्हा कळले. त्यानंतर तिने छायाचित्रे पुष्कळ टिपली, पण कोणी कितीही लकडा लावला तरी पाठवताना ती घाई करीत नसे.

आपल्या फोनवरही रोज कोणा ना कोणाची अब्रू येत असते. ती दोन बोटांनी ताणण्याआधी, इथवर येताना ती किती वाळली असेल, एवढे तरी आपण विचारावे.