हाकगौरीच्या वशाची कहाणी

ऐक हाकगौरी माय, तुझी गोष्ट तुलाच सांगतो. नदीकाठी भरल्या बाजाराचं एक नगर होतं. तिथं एक वाणी होता. दुकानात त्याच्या जिभेवर गूळ असे. गिऱ्हाईक आलं की, "या अक्का, बसा माई, सावलीत या ताई." आत घरात वळला की बायकोला "टवळे", आईला "थेरडे". आई तरी काय, सुनेला "सटवी" म्हणायची. सून बिचारी ओ द्यायची.

श्रावणातल्या शुक्रवारी एक म्हातारी दुकानापुढं आली. वाणी म्हणाला, "या आजी, पाट घ्या." म्हातारी म्हणाली, "घेणं काही नाही बाबा, चिमूटभर हळद वाढ." मग वाणी म्हणाला, "चल हो बाजूला, थेरडे."

म्हातारी हसली. ती होती हाकगौरी. म्हणाली, "तुझी असली हाक आजपासून कुठल्या बाईच्या कानी जायची नाही."

मग वाणी आत गेला. "टवळे, पाणी आण." ओ नाही. "अगं ए." ओ नाही. "बहिरी झालीस का, भवाने?" ओ नाही. आईला म्हणाला, "थेरडे, हिला झालंय काय?" आई आपली वाती वळत बसलेली. मग वाण्यानं आपल्या हातानं पाणी घेतलं. माठ कुठं असतो, ते त्याला तेव्हा कळलं.

दुपारी बायको नदीवर धुणं घेऊन गेली. मधल्या खडकावर बसली, पाठ काठाकडे. वर डोंगरात पाऊस झाला, पाणी चढू लागलं. बाकीच्या बाया काठावर धावल्या. "वाणीणबाई, वाणीणबाई" ओरडल्या. पाण्याच्या आवाजात ते विरून गेलं. ओरडा ऐकून वाणी दुकानातून धावत आला. ओरडला, "अगं ए." ती वळेना. पाणी खडकाला लागलं.

मग वाणी बायांना म्हणाला, "तिचं नाव काय हो?"

"आम्ही वाणीणच म्हणतो. तुमची बायको, तुम्हाला ठाऊक."

मागून आई आली. तिला म्हणाला, "आई, नाव सांग."

"मी सटवी म्हणते. लग्नात ताटातल्या तांदळावर नाव तूच लिहिलंस ना?"

वाण्याला काही आठवेना. तो मटकन वाळूत बसला. शेजारी तीच म्हातारी. म्हणाली, "तोंड विसरलं असेल, बोटाला विचार."

मग वाण्यानं वाळूत बोट टेकलं. बोट आपोआप चाललं. म, थु, रा.

"मथुरा, अगो मथुरा, मागं बघ."

ती वळली. पाणी पाहिलं, धुणं सोडलं, पदर खोचून काठाला आली. पाठोपाठ खडक बुडाला. धापा टाकत म्हणाली, "इतकी वर्षं कुठं ठेवलं होतं हे नाव?"

"तांदळात."

"ते तर मीच शिजवून वाढले तुम्हाला."

सगळ्या बाया हसल्या. वाणीही हसला, डोळे पुसत. म्हातारीच्या पाया पडून म्हणाला, "वसा सांगा."

"घरच्या बाईला नावानं हाक मार, गिऱ्हाइकाशी बोलतोस तशा जिभेनं. बायकोनं दर शुक्रवारी एकीला नाव विचारून हळदकुंकू लावावं. चार दिवस करून सोडू नकोस."

घरी आल्यावर मथुरेनं कुंकवाचा करंडा घेतला. पहिलं बोट सासूपुढं धरलं. "सासूबाई, तुमचं नाव काय?"

सासूला आठवायला वेळ लागला. मग हळूच म्हणाली, "सुंदरा. तुझे सासरे गेल्यापासून कुणी विचारलंच नाही गं."

मथुरेनं कुंकू लावायला बोट पुढं केलं आणि थबकली. सासू विधवा. सासूनंच कपाळ पुढं केलं. म्हणाली, "लाव. नाव माझंच आहे."

तेव्हापासून त्या घरात हाक मारली की ओ येते. वाण्याचं दुकानही चाललं, कारण आतलं बोलणं बाहेर ऐकू जातं, गिऱ्हाइकाला कान असतात.

मथुरेची हाक जशी तिला पोचली, तशी ऐकणाऱ्या तुम्हा सगळ्यांची तुम्हाला पोचो. गोष्ट मोठी होती, ती थोडक्यात सांगितली, हाकगौरीच्या कृपेनं फळली, पुरी झाली.