अनवाणी वाचक

माझी सुनंदाताई गेल्या महिन्यात गेली. तिची कादंबरी घेऊन मी प्रकाशक नेर्लेकरांकडे गेलो. त्यांनी पहिल्या पानावर नजर फिरवून गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

"सुरुवात ढिली आहे. वाचक पहिल्या पानापुढं जाणार नाही. बाईंना पुन्हा लिहायला सांगा."

"ताई आता नाही, साहेब."

"अरेरे! मग सुधारणार कोण?"

माझं डोकंच फिरलं. मी चौथी नापास, धड वाचता येत नाही, पण ताई रोज जेवताना वाचून दाखवायची. ऐकलेलं सगळं तोंडपाठ होतं. मी उभ्यानंच सांगत सुटलो. नवरी मांडवातून पळते, विहिरीत वाकून बघते, तर खालून कुणीतरी तिला नावानं हाक मारतं. तिथं थांबून मी गठ्ठा उचलला आणि जिना उतरू लागलो.

नेर्लेकर चपला न घालताच मागं धावले. "अरे, विहिरीत कोण होतं?"

"पहिल्या पानापुढं कुणी जाणार नाही म्हणालात. तुम्ही तर अनवाणी जिन्यापर्यंत आलात!"

ते ओशाळून हसले. "छापतो, बाबा! पण कोण होतं ते सांग."

"मला तरी कुठं ठाऊक? ताईनं तिथवरच वाचून दाखवलं होतं."

नेर्लेकर पायरीवर बसले, माझ्या हातून गठ्ठा घेऊन त्याची दोरी सोडली आणि मला पुढचं मोठ्यानं वाचून दाखवू लागले.