आडवं पडलेलं कलम

झाडं माणसांशी बोलायची, त्या काळातही पंचनामे होतेच. एकदा वादळानं रोपवाटिका झोडपली आणि सरकारी मदतीसाठी तलाठी पंचनाम्याला आले. मोडलेल्या प्रत्येक कलमाजवळ वाकून ते हळहळायचे, मग त्याचं नाव लिहून घ्यायचे.

ताठ उभं राहिलेलं चिकूचं कलम मनातून जळत होतं. "तेवढाच वारा मीही सोसला. मला कोणी विचारतंय का?"

शेजारचं फणसाचं रोप म्हणालं, "अरे, तू धड आहेस म्हणून!"

चिकूला ते झोंबलं. तलाठी जवळ येताच त्यानं पिशवीसकट अंग टाकून दिलं. "पूर्ण नष्ट," तलाठ्यांनी लिहिलं. चिकू सुखावला.

दुसऱ्या दिवशी मालकीण मनोरमाबाई नष्ट झालेली कलमं खड्ड्यात टाकू लागल्या. चिकू ओरडला, "अहो बाई, मी जिवंत आहे!"

"असशील रे," त्या म्हणाल्या, "पण पंचनाम्यावर माझी सही झालीय."