खिंकाळल्याची नोंद नाही

त्या राज्यात घोडे पांढरे होते, बैल काळे होते, आणि इतिहास घोड्यांनी लिहिला होता. तो वाईट लिहिला होता असे म्हणवत नाही. अक्षर सुंदर होते. त्यात म्हटले होते की बैलांना गोल फिरण्याची आवड होती, पण त्यांच्या देशात घाणे नव्हते, म्हणून ते चालत इथे आले. घोड्यांनी उदार मनाने त्यांना घाण्याभोवती प्रदक्षिणा घालू दिल्या. डोळ्यांना झापडे बांधली ती एकाग्रतेसाठी. तेल निघे, तो योगायोग.

घाणे बंद होऊन बराच काळ लोटला होता. निदान तसे मानले जाई. आठवण म्हणून दरवर्षी एका होतकरू बैलाला भर मैदानात नथ घालण्याचा मान मिळे. त्या वर्षी तो चांद्याला मिळाला. चांद्या हरखला. त्याची म्हातारी आत्या हरखली नाही.

"आत्या, मानाची नथ आहे गं!"

"नथ माझ्या नाकात शोभेल रे, मुडद्या. तुझ्या आज्याच्या नाकात होती ती वेसण."

"वेसण म्हणजे?" हा शब्द पाठ्यपुस्तकात नव्हता.

"नथीला दुसरं टोक नसतं. वेसणीला असतं. जा, बघून ये."

चांद्या संग्रहालयात गेला. तिथे माहिती सांगायला एक खेचर होते. त्याचा मामा घोडा होता. वडिलांविषयी ते बोलत नसे.

"ही आपल्या आजोबांची नथ," खेचर म्हणाले. "स्वखुशीनं घातलेली."

"दुखलं नसेल?"

"छे! काळ्या कातडीला दुखत नाही. संशोधन झालंय. टोचताना एकही बैल खिंकाळल्याची नोंद नाही."

"पण बैल हंबरतो."

"हंबरल्याच्या हव्या तेवढ्या नोंदी आहेत. त्या गायनाच्या दालनात."

काचेच्या पेटीतल्या नथीला एक दोर होता. तो पेटीच्या तळातून निघून भिंतीतल्या भोकात शिरला होता. चांद्या वळसा घालून पलीकडच्या दालनात गेला. तिथे राज्याच्या संस्थापकाचा दोन पायांवर उभा पुतळा होता, आणि दोराचे टोक त्याच्या दातांत होते. खाली लिहिले होते: 'विद्येचे सूत्र'. चांद्याने दोर जरासा ओढला. अलीकडे पेटी खणखणली.

"ओढू नका!" खेचर ओरडत आले. "ही दोन वेगवेगळी दालनं आहेत!"

चांद्या घरी आला तेव्हा त्याचे नाक थंड पडले होते. मान नाकारण्याची सोय नव्हती असे नाही. पण मैदानात बैल काहीही बोलला तरी घोड्यांना ते हंबरणेच ऐकू येई, आणि हंबरणे म्हणजे आनंदगीत, हे पूर्वीच ठरले होते.

"मग?" आत्याने विचारले.

चांद्याने मान वर केली, ओठ मागे ओढले आणि एक विचित्र आवाज काढला.

आत्या म्हणाली, "घसा खरवडल्यासारखं येतंय. जरा नाकातून काढ. आहे तोवर."

समारंभाला सारे मैदान भरले. राजवैद्य घोडा दातांत दाभण धरून पुढे आला. चांद्या म्हणाला, "मला नको." मैदानाने कौतुकाने टापांचा ताल धरला. तो पुन्हा म्हणाला, "सोडा मला." मागून कुणीतरी दाद दिली, "वा, काय गळा आहे!"

दाभणाचे टोक नाकाला टेकले, आणि चांद्या खिंकाळला.

खिंकाळी चांगली नव्हती. मध्येच फाटली, शेवटी तर हंबरण्यातच गेली. पण होती खिंकाळीच. राजवैद्याच्या तोंडातून दाभण गळून पडले. टापांचा ताल थांबला.

मग पहिल्या रांगेतल्या एका पांढऱ्या घोड्याने, आणि त्याच्यामागून साऱ्यांनीच, पुढचा पाय उचलून हळूच आपापल्या नाकाला लावून पाहिला.