छोटं भिंग

एकदा एक तरुण डॉक्टर रक्ताच्या कर्करोगाची विद्या शिकायला एका वृद्ध आचार्यांकडे राहिला होता. बुद्धिमान, कष्टाळू, पण गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला. बरा होऊन उलटलेल्या रोगावरच्या नव्या औषधाचं संशोधन त्याच्याकडे होतं आणि अशा रुग्णाची तो आतुरतेनं वाट पाहत होता.

वॉर्डात शेवंता नावाची एक तरुण आई उपचार संपवून घरी जायची स्वप्नं पाहत होती. एका दुपारी शिष्यानं तिच्या अस्थिमज्जेची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तेलाचा थेंब टाकून सर्वांत मोठं भिंग लावलं. रोगात दिसतात तशा कोवळ्या, अर्धवट वाढलेल्या पेशी दिसताच तो आचार्यांकडे धावत सुटला.

“सर, शेवंताचा रोग उलटला! आजच नवं औषध सुरू करू या.”

आचार्य उठले. त्यांनी पट्टीवरचं तेल पुसलं आणि कमी मोठं पण जास्त भाग दाखवणारं छोटं भिंग लावलं. “चहा येईपर्यंत पट्टी सावकाश सरकवत नुसतं बघ. कशालाही नाव देऊ नकोस.”

शिष्य मनातून चरफडला. इथे बाईचा जीव टांगणीला आणि सरांना चहा सुचतोय! पण बसला. हळूहळू श्वास संथ झाला. पडद्यातून येणारं ऊन आणि भिंगातला जांभळा रंग एकमेकांत मिसळले. आपण एखाद्या उंच टेकडीवरून दूरचं गाव पाहतो आहोत, असं त्याला वाटू लागलं.

“काय दिसतं?”

“गाव दिसतंय, सर. लहान, तरणे, म्हातारे... सगळ्या वयाचे आहेत.”

“रोगाच्या गावात पोरंच पोरं असतात रे, मोठं कुणी होतच नाही. इथे औषधांचा पूर ओसरलाय आणि वस्ती पुन्हा उभी राहते आहे. उद्या याच पेशींच्या दुसऱ्या तपासणीचा अहवाल येईल, तोवर थांबू.” आचार्यांचा आवाज मऊ झाला. “तुला रोग दिसला, कारण तुझ्या औषधाला तो हवा होता.”

शिष्याला फार लाज वाटली. चहा तसाच निवत राहिला.

दुसऱ्या दिवशीच्या अहवालात रोगाचा मागमूस नव्हता. शेवंतानं त्याचा चेहरा निरखत घाबरून विचारलं, “दादा, परत आलंय का ते?”

“नाही ताई. घरी जायची तयारी करा.”

ती तोंडावर पदर घेऊन रडली, आणि त्यालाही राहवलं नाही.

पुढे तो मोठा संशोधक झाला. मनाजोगतं काही दिसलं की आजही तो आधी तेल पुसतो.